कच्छच्या समुद्रातला इक्थिओसॉर कसा रंगवावा: हाडापासून पाण्यापर्यंत

आमच्या देव्हाऱ्यात एक शाळिग्राम आहे. काळा, गुळगुळीत, लिंबाएवढा. एका बाजूला छिद्र आहे आणि त्यातून आत पाहिलं की दगडात गुंडाळलेलं चक्र दिसतं. लहानपणी तुळशीच्या लग्नात तो पाटावर बसायचा आणि आम्ही अक्षता टाकायचो. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असताना मला कळलं, की हे चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा आहे. शाळिग्राम येतात नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता, आणि ज्युरासिक काळात त्यात हे अ‍ॅमोनाइट पोहत होते. त्या दिवशी आईला विचारून मी शाळिग्राम ताम्हनातून उचलला, खिडकीशी नेला आणि तासभर त्याच्या चक्रावरचे कंगोरे काढत बसले.

ज्युरासिक काळात कच्छवरही समुद्र होता. 2016 मध्ये कच्छमधल्या लोडाई गावाजवळ एका इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारखा आकार असलेल्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा, सांगाडा सापडला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये त्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. वय साधारण 15 कोटी 20 लाख वर्षं, लांबी पाच ते साडेपाच मीटर. त्याच्या दातांची झीज पाहून संशोधकांनी असं मांडलं, की हा प्राणी कवचासारखं कठीण काहीतरी फोडून खात असावा. म्हणजे देव्हाऱ्यातल्या चक्राचे भाऊबंद आणि त्यांना खाणारा, दोघंही आपल्याला एकाच चित्रात आणता येतात.

ते चित्र कसं करायचं, ते या लेखात सांगते. चार-पाच रविवार लागतील. पेन्सिल धरता येणं पुरे, बाकी हाताला सवय होत जाते.

पुणेकरांना आधीच एक गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पर्वतीवर, वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या वाटेवर असे जीवाश्म मिळणार नाहीत. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, लाव्हा थंड होऊन झालेला दगड. तो ओतला गेला साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, म्हणजे इक्थिओसॉर संपून दोन कोटींहून जास्त वर्षं उलटल्यावर. शेवटचे मोसासॉर आणि प्लेसिओसॉर, म्हणजे समुद्रातलेच आणखी दोन सरपटणारे प्राणी, मात्र त्याच सुमारास नाहीसे झाले. टेकडीवर बसून स्केच करताना मला हे आठवतं आणि दगडावरून हात फिरवावासा वाटतो.

सुरुवातीआधीचा एकच नियम

चित्रावरून चित्र काढायचं नाही.

हा नियम मी चुकून शिकले. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भिंतीवर मी मोसासॉर रंगवला. समोर एक सुंदर पोस्टर होतं. त्यातल्या प्राण्याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत झालर होती, ती मीही तशीच उतरवली. सातवीतली एक मुलगी बराच वेळ भिंतीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, ही झालर कशाची आहे? हाडाची की कातड्याची?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की ती कशाचीच नव्हती. सॅम्युएल विलिस्टन या अमेरिकी संशोधकाला 1898 मध्ये एका सांगाड्यात कूर्चेचे तुकडे दिसले. ते त्याला पाठीवरच्या झालरीचे वाटले, प्रत्यक्षात ते श्वासनलिकेच्या कड्यांचे होते. 1902 मध्ये त्यानं स्वतःच ती चूक दुरुस्त केली. पण मधल्या काळात, 1899 मध्ये, चार्ल्स नाइट या थोर चित्रकारानं झालर असलेला टायलोसॉरस नावाचा मोसासॉर रंगवला होता. चित्र इतकं देखणं, की पुढच्या चित्रकारांनी हाडांकडे न बघता त्याच्याकडेच बघितलं. दुरुस्ती कागदावर राहिली आणि झालर भिंतीभिंतीवरून फिरत माझ्यापर्यंत आली. दुसऱ्या रविवारी जाऊन मी ती पुसली.

म्हणून एक वही करा. प्राण्याचा प्रत्येक अवयव एका ओळीवर लिहा आणि त्यापुढे तीनपैकी एक खूण करा. ‘हा’ म्हणजे हाडातून किंवा दगडात उरलेल्या कातडीच्या ठशातून मिळालेलं. ‘ना’ म्हणजे नातेवाइकांकडून किंवा तशाच पद्धतीनं जगणाऱ्या आजच्या प्राण्यांकडून घेतलेलं. ‘अं’ म्हणजे आपला अंदाज. अंदाज करणं गुन्हा नाही, अंदाजाशिवाय असं कुठलंच चित्र पुरं होत नाही. कुठली रेघ कुठून आली, हे आपल्याला माहीत हवं, एवढंच.

पहिला रविवार: सांगाडा

लोडाईच्या प्राण्याचा सगळा सांगाडा मिळालेला नाही. कवटीचा तुटका भाग, पाठीच्या मणक्यांची रांग, पुढचं एक वल्हं असं हाती आहे. हा प्राणी ऑफ्थॅल्मोसॉरिड कुळातला, म्हणून राहिलेल्या जागा त्याच्या इंग्लंडमधल्या भावकीवरून, ऑफ्थॅल्मोसॉरसवरून भरायच्या. वहीत त्यांच्यापुढे ‘ना’ लिहा.

प्रमाण 1:20 धरा. साडेपाच मीटरचा प्राणी साडेसत्तावीस सेंटीमीटरचा होतो, एका लांब फूटपट्टीच्या आत बसतो. कागदावर आडवी रेघ मारा. पुढचे साधारण पाच सेंटीमीटर डोकं, त्यातला बराचसा भाग लांब, निमुळत्या चोचीसारख्या जबड्याचा. धडाचा सर्वांत जाड भाग पुढच्या वल्ह्यांच्या किंचित मागे येतो आणि तिथून शरीर शेपटीकडे उतरत जातं. पुढची वल्ही मोठी, मागची बरीच लहान.

आता शेपटी. लोकांचं सर्वांत जास्त चुकतं ते इथे, म्हणून जरा थांबते. इक्थिओसॉरचा कणा शेपटीच्या टोकाला खाली वाकतो. सुरुवातीच्या सांगाड्यांत हा बाक दिसला, तेव्हा तो मेल्यावर मोडला असेल असं बऱ्याच जणांना वाटलं आणि चित्रांत शेपटी सुसरीसारखी सरळ आली. 1838 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी दाखवून दिलं, की बाक सगळ्यांना एकाच ठिकाणी आहे, म्हणजे तिथे पर असावा. पुरावा मिळायला 1890 चं दशक उजाडलं. जर्मनीतल्या होल्त्समाडेनच्या काळ्या शेल दगडात बर्नहार्ड हाउफ यांनी असे सांगाडे साफ केले, ज्यांच्याभोवती कातडीची काळी सावली शाबूत होती. त्यात शेपटीचा चंद्रकोरीसारखा पर होता आणि पाठीवर एक त्रिकोणी पर, ज्यात एकही हाड नाही. कणा कोरीच्या खालच्या टोकात जातो, वरचं टोक नुसत्या मांसाचं. शार्कमध्ये बरोबर उलटं असतं, कणा वरच्या टोकात चढतो.

तेव्हा रेघेचे शेवटचे साडेतीन-चार सेंटीमीटर खाली वाकवा आणि त्यावर कोर उभी करा. उभी, आडवी नाही. डॉल्फिन डोळ्यांत इतका बसलेला असतो, की हात आपोआप आडवी शेपटी काढतो. डॉल्फिन सस्तन प्राणी, त्याची शेपटी वर-खाली हलते. इक्थिओसॉरची माशासारखी डावी-उजवी हलते. नाकपुड्याही डोळ्यांच्या लगेच पुढे असतात, डोक्याच्या माथ्यावर नाहीत. 1863 मध्ये एदुआर रिऊ या फ्रेंच चित्रकारानं देवमाशासारखे पाण्याचे फवारे उडवणारे इक्थिओसॉर काढले. चित्र फार गाजलं, पण ते फवारे देवमाशाचे.

आणि हो, हा डायनासोर नाही. ही वेगळी शाखा आहे, जमिनीवरच्या सरपटणाऱ्या पूर्वजांपासून निघून पाण्यात गेलेली. मुलांना शिकवताना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका.

मासळी बाजारात एक सकाळ

मधल्या एका सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जा. शाकाहारी असाल तरी जा, वही आणि फोन घेऊन. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुप्याकडे बोट दाखवून म्हटलं, “मावशी, शेपूट कापू नका, अख्खं द्या.”

“शेपटी कोण खातं गं ताई?”

“खायला नको, चित्र काढायचंय.”

मावशींनी मासा पाटीतून काढून ओल्या फळीवर आडवा ठेवला आणि शेपटीचे दोन्ही टोक बोटांनी ताणून धरले. “घे, काढ.” त्या दोन मिनिटांत मला जे दिसलं, ते कुठल्याच पुस्तकात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं. अंग पिंपासारखं गोल, मग एकदम अरुंद होत होत शेपटीच्या मुळाशी बोटाएवढी जाडी, आणि लगेच रुंद, ताठ कोर. ती अरुंद जागा वरून-खालून किंचित चपटी असते, तिला कडेला धार असते. सगळा जोर अंगात आणि पाणी कापायला फक्त कोर. वेगानं लांबवर पोहणाऱ्या प्राण्यांत हा आकार पुन्हा पुन्हा घडला आहे, कुप्यात, काही शार्कमध्ये आणि इक्थिओसॉरमध्येही.

शेजारच्या बांगड्यांकडे बघा. पाठ निळी-हिरवी, तिच्यावर काळसर नागमोडी पट्टे, पोट चांदीसारखं. वरून बघणाऱ्याला पाठ खोल पाण्यात मिसळते, खालून बघणाऱ्याला पोट उजेडात मिसळतं. 2018 मध्ये होल्त्समाडेनच्याच स्टेनॉप्टेरिजियस या इक्थिओसॉरच्या कातडीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पाठ गडद आणि पोट फिकं असल्याच्या खुणा मिळाल्या. कातडी गुळगुळीत, खवले नाहीत, आणि खाली देवमाशासारखा चरबीचा थर. म्हणजे रंगाची दिशासुद्धा ‘हा’ किंवा निदान भक्कम ‘ना’ या खुणेखाली येते. पट्टे काढावेसे वाटले तर काढा, पुढे ‘अं’ लिहा. मी नुसती गडद पाठ ठेवते.

माकुल मिळालं तर तेही स्केच करा. अ‍ॅमोनाइट आणि बेलेम्नाइट दोघंही त्याच्याच नात्यातले, पुढे कामाला येईल.

दुसरा रविवार: शाडूचा नमुना

हा टप्पा गाळू नका, हात जोडून सांगते. सपाट चित्रावरून प्राणी पाण्यात वळवता येत नाही. हातात धरून फिरवता येणारा नमुना असला, की कुठल्याही कोनातून, कुठल्याही उजेडात तो समोर असतो. पुण्यात तर शाडू गणपतीच्या आधी गल्लीगल्लीत मिळतो, एरवीही मूर्तिकारांकडे मिळतो.

बांधकामाची बारीक तार दुहेरी पिळून तीस सेंटीमीटरचा कणा करा. शेपटीचा बाक आत्ताच द्या, नंतर शाडू तडकतो. पूर्ण कणा किंचित एका बाजूला वळवा, जणू प्राणी डावीकडे वळतो आहे. सरळ कण्याचा नमुना मेलेल्या माशासारखा दिसतो. तारेवर सुतळी गुंडाळा म्हणजे माती धरून राहील.

शाडू आदल्या रात्री भिजवा आणि पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. आधी बोटभर जाडीचा थर द्या, ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर ठेवा, मग दुसरा थर. दुसऱ्या थराच्या वेळी मनात चरबी ठेवा. जुन्या सवयीनं आपण बरगड्या उठवतो, कवटीचे खड्डे दाखवतो, कातडं हाडांना चिकटवतो. तसा प्राणी उपाशी मेलेला दिसतो. कोंबडीचा सांगाडा आणि जिवंत कोंबडी शेजारी ठेवून बघितलीत, तर दोघांच्या बाह्यरेषेत किती फरक पडतो ते कळेल. इक्थिओसॉरला मान दिसत नाही, डोकं थेट खांद्यात मिसळतं, ते अंगठ्यानं एका ओढीत गुळगुळीत करा.

पर आणि वल्ही शाडूची करू नका, वाळल्यावर मोडतात. लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून ओल्या मातीत खोचा. वल्ह्याच्या आत बोटांची हाडं फरशीसारखी घट्ट बसलेली असतात, बोटं वेगळी दिसत नाहीत. त्यामुळे एकसंध, टोकाकडे निमुळतं आणि किंचित मागे झुकलेलं वल्हं बरोबर.

डोळा शेवटी. ऑफ्थॅल्मोसॉरसच्या डोळ्यात हाडांच्या पाकळ्यांचं एक कडं असतं, बावीस सेंटीमीटरच्या आसपास व्यासाचं. आपल्या प्रमाणात ते एक सेंटीमीटरच्या जरा वर जातं. पण हे कडं बुबुळाभोवती आत बसलेलं असतं, बाहेरून दिसत नाही. लंडनच्या दक्षिणेला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत 1854 मध्ये बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी उभारलेले इक्थिओसॉर आजही आहेत, त्यांच्या डोळ्यांभोवती या पाकळ्या बाहेरून कोरलेल्या दिसतात. त्या काळी हाडापलीकडे हातात दुसरं काही नव्हतं, आणि तरीही त्या मूर्तींपुढे मला नम्र व्हायला होतं. आपण मात्र दिसणारा डोळा कड्याच्या आतल्या भोकाएवढाच ठेवायचा, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. नमुन्यात तो इवलासा वाटेल. मोह आवरा.

नमुना सावलीत वाळू द्या, उन्हात नको. पावसाळ्यात चार दिवसही लागतात.

तिसरा रविवार: उजेड आणि रचना

वाळलेला नमुना मागे-पुढे सरकवता येईल असा दोऱ्यानं टांगा. वरून एकच दिवा. खाली निळा कागद अंथरा, म्हणजे पोटावर निळसर परतीचा उजेड पडेल. खोली अंधारी करा आणि फोननं तीस-चाळीस फोटो काढा, वरून, खालून, समोरून, तिरके. त्यातले तीन निवडा आणि प्रत्येकाची काडेपेटीएवढी स्केचेस करा.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1830 मध्ये हेन्री डे ला बेश यांनी ‘ड्युरिया अँटिक्वियर’ नावाचं जलरंगातलं चित्र केलं. प्राचीन जीवसृष्टीचं जीवाश्मांवर आधारलेलं इतकं भरलेलं दृश्य त्याआधी कुणी काढलं नव्हतं. इंग्लंडच्या लाइम रीजिसच्या कड्यांतून मेरी अ‍ॅनिंगनं काढलेले प्राणी त्यात होते. तिनं आणि तिच्या भावानं 1811-12 मध्ये इक्थिओसॉर बाहेर काढला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. 1823 मध्ये तिला पूर्ण प्लेसिओसॉर मिळाला. सांगाडे श्रीमंतांच्या संग्रहात गेले आणि ती मात्र पैशाच्या तंगीत राहिली. म्हणून डे ला बेश यांनी चित्राचे शिळाछाप काढून विकले आणि पैसे तिला दिले. त्या चित्रात पाण्याच्या वरचं आणि खालचं एकदम दिसतं, जणू काचेच्या टाकीतून बघतोय. तेव्हा तशा टाक्या लोकांनी पाहिल्याच नव्हत्या. पुढचे चित्रकार पुन्हा पृष्ठभागावर आले: लाटा, वादळ, एकमेकांचे गळे धरलेले दोन राक्षस. कितीतरी वर्षं हे प्राणी किनाऱ्यावरच्या माणसाच्या नजरेनंच काढले गेले.

तुम्ही पाण्याखाली उतरा. आणि झुंज नको. कुठल्याही प्राण्याचा बहुतेक दिवस पोहण्यात, शोधण्यात, श्वासाला वर येण्यात जातो. तोंड मिटलेलं ठेवा. मला आवडणारी रचना अशी: प्राणी कागदाच्या मध्याच्या जरा वर, डावीकडे वळताना, खाली दोन-तीन अ‍ॅमोनाइट आणि दूर बेलेम्नाइटचा थवा. दोघांचेही जीवाश्म लोडाईच्या दगडांत आहेत. वीस सेंटीमीटरचा अ‍ॅमोनाइट आपल्या प्रमाणात सेंटीमीटरभर येतो. शंखाची गुंडाळी उभी ठेवा. शंखाचे कंगोरे ‘हा’, हात आणि डोळे माकुलावरून ‘ना’, हातांची संख्या आणि रंग ‘अं’.

सोबत पिल्लू हवं असेल तर तेही चालेल. इक्थिओसॉर अंडी घालत नव्हते, थेट पिल्लं देत होते. होल्त्समाडेनमध्ये पोटात पिल्लं असलेल्या माद्या मिळाल्या आहेत.

चौथा रविवार: रंग

कागद तीनशे जीएसएमचा घ्या. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा जाड कागद मला आवडतो, पण आधी कोपऱ्यावर ओला ब्रश फिरवून रंग किती शोषतो ते पाहा. आकार साधारण 38 बाय 56 सेंटीमीटर, म्हणजे प्राणी नमुन्याच्याच मापात बसतो आणि कंपासनं थेट मापं उचलता येतात. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात बाकी सगळं मिळतं. महागडी पेटी नको, पाच नळ्या बास: प्रशियन ब्लू, व्हिरिडियन, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, पेन्स ग्रे.

तांबडा रंग घेतलेला नाही, कारण पाणी उजेडातला तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. पंधरा मीटरांवर लाल वस्तूसुद्धा काळपट दिसते. चित्र पाण्याखालचं न वाटता हवेत लटकलेलं वाटतं, त्याचं कारण बहुधा हेच असतं: प्राणी निळ्या पार्श्वभूमीवर, पण अंगावर रंग उन्हातले.

पेन्सिलची बाह्यरेषा हलकी ठेवा. संपूर्ण कागद स्वच्छ पाण्यानं भिजवा. वर यलो ऑकरचा अगदी पातळ थर, त्यात व्हिरिडियन, खाली येता येता प्रशियन ब्लू, तळाशी पेन्स ग्रे. प्राण्याच्या अंगावरूनही हा वॉश जाऊ द्या, त्याला वगळू नका. तो पाण्यातच आहे. फक्त पाठीवर उजेड पडणारी दोन-तीन ठिकाणं टिपकागदानं उचलून घ्या. श्रावणात कागद तासन् तास ओला राहतो, त्याचा फायदा घ्या, कडा आपोआप विरघळतात. उन्हाळ्यात मात्र वॉश ब्रशच्या मागेच वाळतो, तेव्हा पहाटे बसा.

पूर्ण वाळल्यावर दुसरा थर. पाठीवर बर्न्ट अंबर आणि प्रशियन ब्लू मिसळून गडद थर, बाजूला येता येता पाण्यानं विरळ करत पोटाशी कागदाचा रंग राहू द्या. इथे एक गंमत दिसेल. वरून उजेड पडला की पाठ उजळते आणि पोट सावलीत जातं, पण प्राण्याचा स्वतःचा रंग नेमका उलटा. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि प्राणी जवळजवळ सपाट दिसू लागतो. त्याच्या जगण्याला हे फायद्याचं, आपल्या चित्राला अडचणीचं. मी तोडगा असा काढते: पाठीचा वरचा काठ एका बारीक फिकट रेघेनं उजळते आणि बाकी अंग पाण्यात मिसळू देते. उथळ पाण्यात लाटांमुळे पाठीवर उजेडाचं जाळं पडतं. ते पाच-सात तुटक रेघांत येतं, सगळ्या अंगावर पसरलं की साडीवरची नक्षी होते.

दूरचे बेलेम्नाइट एकाच फिकट निळ्यात, तपशील नको. डोळा शेवटी, पेन्स ग्रे, आणि त्यात कागदाचा पांढरा ठिपका आधीपासून राखलेला.

काठांवर शाईची रेघ आवडत असेल तर सेपिया वापरा. 1833 मध्ये मेरी अ‍ॅनिंगच्या मैत्रिणीनं, एलिझाबेथ फिलपॉटनं, एका पत्रात इक्थिओसॉरची कवटी काढून पाठवली होती. शाई होती बेलेम्नाइटच्या जीवाश्मातल्या शाईच्या पिशवीची, पाण्यात कालवून घेतलेली. त्याच समुद्राची शाई, कोट्यवधी वर्षांनी कागदावर.

दुसरा प्राणी निवडलात तर

मोसासॉर हवा असेल, तर घोरपड पाहा. तानाजीची यशवंती आपल्याला गोष्टीतून माहीत आहे. मोसासॉर याच सरड्या-सापांच्या मोठ्या कुळातले. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून रानात दिसली तर लांबूनच स्केच करा. कात्रजच्या सर्पोद्यानात नागाची दुभंगलेली जीभ बघून घ्या, मोसासॉरचीही तशीच असावी. खवले बारीक असतात, सुसरीसारखे खडबडीत नाहीत. शेपटीला खाली झुकलेल्या कण्याचा पर, जॉर्डनमधल्या एका जीवाश्मामुळे 2013 मध्ये तो स्पष्ट झाला. मोठा मोसासॉर बारा मीटरचा धरला, तर पीएमपीच्या लांब बसएवढा होतो. मापाबाबत पडद्यावर विश्वास ठेवू नका. 1999 च्या एका गाजलेल्या मालिकेत लायोप्ल्युरोडॉन नावाचा सागरी प्राणी पंचवीस मीटरचा दाखवला, प्रत्यक्षात तो सहा-सात मीटरचा होता. आणि मोसासॉरच्या चित्रात इक्थिओसॉर आणायचा मोह झाला, तर काळ तपासा. अवाढव्य मोसासॉर समुद्रात फिरत होते, तोवर इक्थिओसॉर कधीच संपले होते.

प्लेसिओसॉर अवघड, कारण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हंसाची मान असते. इलास्मोसॉरसच्या मानेत 72 मणके होते आणि दहा मीटरांच्या शरीरात मान सात मीटरांच्या आसपास होती. ती सापासारखी वेटोळी घालत नव्हती आणि पाण्याबाहेर उंच उभीही राहत नव्हती. ती जाड, स्नायूंनी भरलेली, हलक्या वळणाची काढा. एडवर्ड कोप यांनी तर 1869 मध्ये याच प्राण्याचं डोकं शेपटीच्या टोकाला लावलं होतं. जोसेफ लायडी यांनी ते दाखवून दिलं. मान इतकी लांब असू शकते, हेच डोळ्यांना पटत नव्हतं. वल्ही चारही जवळपास सारखी आणि चारही पोहायला. समुद्री कासव पुढच्या दोन वल्ह्यांनी पाण्यात कसं उडतं, ते बघून मागच्या दोनांची कल्पना करावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली असतील, तर वल्ह्याचा आकार आठवेल. कातडीबद्दल 2025 मध्ये नवी माहिती आली: होल्त्समाडेन भागातल्या एका प्लेसिओसॉरच्या शेपटीकडची कातडी गुळगुळीत होती आणि वल्ह्यांवर बारीक खवले होते.

चित्र झाल्यावर

कागदाच्या मागे वहीतली यादी उतरवा. माझ्या शेवटच्या चित्रामागे असं आहे: ‘कणा, पुढचं वल्हं – हा. शेपटीचा बाक, कोर, डोळा, पाठीचा पर – ना. गडद पाठ – ना. डावीकडचं वळण, पाण्याचा हिरवा, अ‍ॅमोनाइटच्या हातांची संख्या – अं.’ उद्या लोडाईच्या दगडातून आणखी काही निघालं, तर कुठली ओळ बदलायची ते लगेच कळेल.

शाडूचा नमुना जपून ठेवू नका. पत्रिकेचे पर काढून घ्या, बादलीत पाणी भरा आणि गणपतीसारखा त्यात अलगद सोडा. सकाळपर्यंत माती तळाशी बसते, तार मोकळी होते. वरचं पाणी ओतून गाळ जुन्या सुती पिशवीत टांगला, की दोन दिवसांत शाडू पुन्हा मळायला तयार. पुढच्या खेपेला त्याचाच प्लेसिओसॉर करा, फक्त मानेसाठी तार तिहेरी पिळा.